कुणाचा रे तू?

अण्णा, तुझ्या दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही. नदीवर बायका जात नाहीत, पण मी गेले, आणि माझ्या तोंडाला कोण लागणार म्हणून कुणी अडवलंही नाही. पिंड मांडून झाले. सगळे लांब सरकून उभे राहिले. आंब्यावर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग नेहमीचं सुरू झालं. कुणी म्हणालं, खानावळ नीट चालवीन म्हणा. कुणी म्हणालं, त्याचं मशीन विकणार नाही म्हणा. शेवटी भावकीतले बाळूकाका पुढे झाले आणि हात जोडून, माझ्याकडे न बघता पिंडाकडे बघत म्हणाले, "सुदा, तुजी बहीन त्या पोराचा नाव पोलिसात घेनार नाय. तू निवांत जा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी आंब्यावरच्या कावळ्यांकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. मग एक कावळा आला आणि भात टिपून गेला. त्याला भूक लागली असणार, मला तरी एवढंच कळतं. बाळूकाका मात्र गावभर सांगत सुटलेत की सुदा कबूल झाला, आता बहिणीने ऐकावं.

उद्या फौजदार माझा जबाब घ्यायला येतोय. सुतक आहे म्हणून मी त्याला एकदा परत पाठवलं होतं. त्याच्याआधी तुझ्याशी बोलून घ्यायचंय. तू असतास तर पाचव्या वाक्याला भांडण लागलं असतं. आता तुला ऐकून घ्यावं लागणार.

आपलं भांडण तरी किती जुनं! तू आफ्रिकेतून परत आलास, देवरुखच्या पेठेत माझ्या खानावळीच्या पडवीत शिलाईचं मशीन मांडलंस, तेव्हापासूनचं. गिऱ्हाईक बाकावर टेकलं की मी पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता विचारायची, "कुठले? कुणापैकी?" गाव कळलं की वाडी, वाडी कळली की घर, घर कळलं की कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. "म्हणजे आमच्या यशोदेचे चुलतदीर तुम्ही!" असं म्हटलं की परका माणूस जरा सैल होऊन बसतो, लाजत का होईना पुन्हा भात मागतो. आपल्याकडे ओळख अशीच होते. आणि आपल्याकडे वाडी विचारली म्हणजे जात विचारली, हेही तुला किंवा मला कुणी शिकवायला नको. कुणबीवाडी, बौद्धवाडी, ब्राह्मणआळी, मोहल्ला. माणूस सांगतो गाव, आणि ऐकणारा ऐकतो दुसरंच.

तुझं मशीन थांबायचं. "बाय, त्याला भूक इचार. वाडी कशाला इचारतंस?"

"माझ्याकडे ताट सगळ्यांना एकच आहे," मी म्हणायची. "वेगळा पेला नाही, वेगळी पंगत नाही. मग विचारलं तर कुणाचं काय गेलं?"

"ताट येकच हाय, मग इचारतंस कशाला?"

मग मी आवाज चढवायची. तू सुईत दोरा ओवायला लागायचास. गिऱ्हाईक बिचारं आमटी गार करत दोघांकडे बघत बसायचं.

पेठेत तुला सगळे आफ्रिकावाले म्हणायचे. तू होतास त्या बुरुंडी देशाचं नाव कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिथं सिंह बघितलेत का, असं पोरं विचारायची. "बघितले," तू म्हणायचास, "माज्याकडनं प्यांटी शिवून घ्यायचे." सगळे हसायचे. मीही हसायची, तू मला गास्पारचं सांगेपर्यंत.

ते तू एकदाच सांगितलंस. श्रावणातली दुपार होती, पेठेत चिटपाखरू नव्हतं, आणि तू एका मास्तरांच्या सदऱ्याची कॉलर उसवत होतास. मान वर केली नाहीस. मुंबईच्या शेठने तुला त्याच्या तिथल्या दुकानात कटर म्हणून, कापड बेतायला, नेलं, आणि तिथं तुझ्या शेजारी दुसरा कटर गास्पार. नाव आपल्या गोव्याच्या माणसासारखं, कारण ते सगळे चर्चला जाणारे. तिथं आपल्यासारखी गावं नाहीत, डोंगर आहेत, आणि प्रत्येकाचा आपापला डोंगर. तू आपली खोड सोडली नाहीस. पहिल्याच आठवड्यात त्याला विचारलंस, तुझा डोंगर कुठला, बाप कोण, चर्च कुठलं. आणि मग तेही विचारलंस, जे तिथं चारचौघांत कुणी विचारत नाही: तिथल्या दोन जमातींपैकी तू कुठला, हुतू की तुत्सी? त्याने आधी दाराकडे बघितलं. मग हसला आणि हळूच सांगितलं, हुतू.

"तोंडावर काय बी दिसत नाय बाय," तू म्हणालास. "भाषा येक, देव येक, पाद्री येक. केळ्याची दारू बी येकाच मडक्यातनं पितात, लांब नळ्या घालून. मना शेवटपर्यंत कळला नाय फरक. इचारला म्हनून कळला."

त्याने तुला आपल्या डोंगरावर नेलं, बायकोच्या हातचं वरण खाऊ घातलं. ते अगदी आपल्या कुळथाच्या पिठल्यासारखं लागतं म्हणून तू दोनदा मागून घेतलंस. हे सांगताना तुझ्या तोंडावर जे आलं ते मी तुझ्या तोंडावर एरवी कधी पाहिलं नाही. तुझं लग्न झालं नाही, संसार झाला नाही. घर म्हणून तुला जे काही मिळालं ते त्या माणसाचंच.

मग ते बहात्तर साल. आधी दक्षिणेकडे हुतूंनी बंड केलं, तुत्सींची घरं पेटवली, बायकापोरांसकट कापून काढलं. मग सैन्य सुटलं, आणि सैन्य तुत्सींच्या हातात. शिकलेला हुतू दिसला की उचल. मास्तर, कारकून, पाद्री, कॉलेजातली पोरं. पण सुरुवातीला शहरात कुणाला नीट काही कळत नव्हतं, रेडिओ सांगेल तेवढंच. अशात तुझं नेहमीचं गिऱ्हाईक, सैन्यातला एक अधिकारी, पँटचं माप द्यायला आला. गोडबोल्या माणूस. गास्पार आत कापड बेतत होता. त्याच्याकडे बघून तो सहज म्हणाला, "हात चांगला आहे तुझ्या कटरचा. कुठला हा?"

आणि अण्णा, तू आपल्या कोकणातल्या पद्धतीने ओळख करून दिलीस. कौतुकाने, भरभरून. त्याचा डोंगर, त्याचा बाप, त्याची मिशनची शाळा, आणि शेवटी म्हणालास, हुतू आहे, पण माणूस लाखात एक. अधिकारी हसला, आत जाऊन गास्पारशी हात मिळवून गेला.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी ट्रक आला. गास्पारच्या गळ्यात टेप तशीच होती. त्याच टेपने त्यांनी त्याचे हात मागे बांधले. बंदुकीच्या दस्त्याने तोंडावर मारलं तेव्हा दात तुझ्या कापडावर पडले. तू पुढे झालास तर तुला एक लाथ बसली, तू परदेशी म्हणून तेवढ्यावर भागलं. ट्रकमध्ये आधीच माणसं रचलेली होती, आडवी, एकावर एक, खालची हलत नव्हती. त्यांच्यावर त्याला टाकलं आणि वर बूट घातलेले शिपाई बसले. ट्रक विमानतळाच्या बाजूला गेला. तिकडे यंत्राने चर खणून ठेवलेत हे तोपर्यंत शहराला समजलं होतं. कित्येक दिवस ट्रक तसेच जात राहिले, बाहेर लोंबणारे पाय दिसायचे, आणि तू दुकानात बसून शाळेचे गणवेश शिवत होतास. ज्या मापांची पोरं उरली नव्हती, त्या मापांचेही.

गास्पारची बायको पाद्रीकडे गेली. पाद्रीचा झगा तुझ्याच दुकानात शिवलेला. तो म्हणाला, प्रार्थना कर. रविवारी ती चर्चात गेली, तर प्रसादाच्या रांगेत तिच्या पुढे तो अधिकारी उभा. त्याच पाद्रीने त्याच ताटातला प्रसाद आधी त्याच्या जिभेवर ठेवला, मग तिच्या. तीच तुला येऊन सांगून गेली. रडली नाही. गास्पारचा कोट मागितला, तू दिलास. त्याला कुणी दाखवून दिलं, हे तिने विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. अधिकारी मात्र ठरल्या दिवशी येऊन पँट घेऊन गेला.

एवढं सांगून तू कॉलर पुन्हा उसवायला घेतलीस आणि विचारलंस, "बाय, माजी चूक व्हती काय गो?"

"नाही रे," मी म्हणाले. रडणाऱ्याला म्हणतात तसं. त्यावर तुझा विश्वास बसला नाही, आणि माझाही कुठे बसला होता? पुढेही तू अधूनमधून विचारायचास, मी तेच म्हणायची. वाडी विचारण्यावरून भांडताना मात्र मी पूर्वीइतकीच भांडत राहिले. त्यांचं तिथलं वेगळं, मी म्हणायची, आपल्याकडे असं कुठे होतं?

यंदाच्या शिमग्यात झालं. आपल्याच गावात, माझ्या माहेरी. पालखीपुढे ढोल वाजवायचं बौद्धवाडीने छप्पन साली धम्म घेतल्यावर सोडलं, ते कधीच सोडलं, मोठी माणसं ते विसरूनही गेली होती. पण मुंबईहून आलेल्या इतर वाड्यांतल्या पोरांना यंदा मान आठवला, ढोल बौद्धवाडीनेच वाजवायचा असं ती म्हणाली. पाणवठ्यावर बाचाबाची झाली, दगड आले, कुणाचं तरी डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी देवरुखचा बाजार. बौद्धवाडीतली माणसं बाजाराला उतरणार हे धरून ही पोरं काठ्या आणि कोयते घेऊन आली. पण वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला गावात येणाऱ्यांना चेहरे कुठून ठाऊक असणार! म्हणून विचारत सुटली. भाजीवाल्या म्हाताऱ्याला वाडी विचारली, त्याने खरी सांगितली, आणि त्याच्या टोपलीतल्या कोहळ्यासारखं त्याचं डोकं फोडलं. पेठेतल्या दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या.

तुझ्या पडवीत तेव्हा मिलिंद मास्तर माप देत उभा होता. तुझ्याकडे तीन वर्षं कपडे शिवून घेत होता, आणि तो कुठला हे तू त्याला कधी विचारलं नव्हतंस. मी विचारलं होतं, पहिल्याच ताटाला. आपल्याच गावच्या बौद्धवाडीतला.

पोरं पडवीत चढली. आतून मला सगळं ऐकू येत होतं.

"ह्यो कनच्या वाडीचा?"

"शर्टाचा माप देतोय."

"म्हाताऱ्या, आमी वाडी इचारली."

"मना ठावं नाय. मी इचारत नाय कुनाला."

अण्णा, तू खरं तेच बोललास. त्यांना ती थट्टा वाटली. पहिली काठी हातावर बसली, हाड मोडल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला. तू मास्तरला आत ढकललंस आणि दाराची चौकट दोन्ही बाजूंनी धरून उभा राहिलास, मोडक्या हातानेसुद्धा. दुसरी काठी कानावर. तू खाली येईपर्यंत तिसरी.

मी आमटीचं पातेलं उचलून तशीच बाहेर आले आणि पुढच्याच्या अंगावर ओतलं. तो गुरासारखा ओरडला, छाती सोलून निघाली त्याची. मला आजही त्याचं काही वाटत नाही. दुसऱ्याने दारातून आतल्या मास्तरकडे काठी दाखवली, "मग ह्यो कोन?" आणि माझ्या तोंडून धबधबा सुटला. माझ्या नणंदेचा जावई, लांज्याचा, कुणबीवाडीतला, त्याची आई अमक्या घरातली, त्याचं लग्न मीच जमवलं, हुंड्यावरून रुसलेला मामा अजून बोलत नाही! एवढं खोटं मी जन्मात बोलले नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. एवढी नाती कोण उगाच बोलेल, असं वाटलं असेल.

मग ज्याच्या काठीला तुझं रक्त होतं, त्याच्यासमोर जाऊन मी उभी राहिले. तोंडातून काय निघालं, तर जन्मभर निघत आलं तेच.

"कुणाचा रे तू?"

आणि अण्णा, त्याने सांगितलं! हातात काठी, पायाशी तू, आणि तो वडीलधाऱ्या बाईने विचारलं म्हणून मान खाली घालून सांगतो, "धोंडूचा. दत्ताराम. पिंपळाखालच्या घरातला." आईबापांनी लहानपणापासून घोटून घेतलेलं, तसंच बाहेर आलं. आपण काय बोललो हे त्याला मागाहून कळलं. तो तुझ्याकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. मग सगळे पळाले.

आपल्या वाडीतला धोंडू, अण्णा. तुझ्याबरोबर गुरं राखायचा तो. हा पोरगा जन्मला तेव्हा मी बाळंतिणीला पेज घेऊन गेले होते.

दवाखान्यात तुझ्या कानातून रक्त यायचं थांबलं नाही. शुद्धीवर होतास तेव्हा मला म्हणालास, "मास्तर कुठला ते तुला ठावं व्हता?" मी म्हटलं, हो. तू हसलास. मला वाटलं, चला, हरला एकदाचा. मग बघता बघता तुझे डोळे भरून आले. "तू फटकन खोटा बोललंस गो. मना का नाय सुचला तवा? गास्पार माज्या चुलत्याचा जावई, असा काय तरी." मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. मास्तर वाचला म्हणून मी खुशीत होते, आणि माझ्या त्या खोट्यानेच तुला मरता मरता नवी सुरी टोचली. हे मला सहन होत नाही. मग संध्याकाळी तू एवढंच म्हणालास, "बाय, पोराचा नाव घेऊ नको. नाव घेतला का मानूस जातो." त्यानंतर तू बोलला नाहीस.

काल धोंडूची बायको दारात येऊन बसली. घरात पाऊल टाकीना. "पोरगा चुकला गो. पन आपला हाय. तू आपल्यापैकीच ना?" मी तिला चहा दिला, तिने घेतला नाही. बाळूकाकांनी निरोप धाडलाय की वाडी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, घरातल्या पोरीचं लग्न जमायचंय ते बघ. मिलिंद मास्तर येऊन म्हणाला, काकी, मी देतो जबाब. पण तो आत होता, मान खाली घालून पुटपुटलेलं नाव त्याने ऐकलं नाही, आणि त्याने तोंड उघडलं तर उद्या त्याची वाडी पेटेल. फळ्या लावून बसलेल्या पेठेने काहीच बघितलं नाही. नाव ऐकलं ते मी एकटीने.

म्हणून आता नीट सांगते, रडणाऱ्याला सांगतात तसं नाही. हो, तुझी चूक होती. भोळ्या, बडबड्या माणसाची चूक. पण माझ्यासारखं खोटं तुला सुचलं नाही ते का, तर तुला विचारणारा हसत होता आणि त्याच्या हातात पँटचं कापड होतं. माझ्यासमोर काठी होती, तुझं रक्त होतं. एवढं दिसल्यावर कुणालाही सुचतं. यात मी तुझ्याहून शहाणी नाही, मला फक्त उशिरा विचारलं गेलं. गास्पारला तू मारलं नाहीस, अण्णा. त्याला ज्यांनी मारलं त्यांना ते अख्खं शहर ओळखत होतं. पाद्री ओळखत होता, तू ओळखत होतास, ती बाई रांगेत त्यांच्या मागे उभी होती. त्यांच्यापैकी एकाचंही नाव कुणी घेतलं नाही. गेला तो ज्याचं नाव घेतलं तो, आणि राहिले ते ज्यांची नावं कुणी घेतली नाहीत ते. तुझ्या गोष्टीतून तू शिकलास ते वेगळं, मी शिकले ते वेगळं. आपलं कुठल्या गोष्टीत जमलंय?

तुझं आणखी एक ऋण आहे. वाडी ठाऊक नसताना एका माणसासाठी कुणी दारात उभं राहतं, हे मी तुझ्यामुळे बघितलं. मला ते जमलं नसतं. मी आधी विचारलं असतं.

उद्या फौजदार विचारील, काठी मारणाऱ्याला ओळखता का. मी सांगीन, ओळखते. दत्ताराम, धोंडूचा, पिंपळाखालच्या घरातला. तो लिहिता लिहिता थांबेल आणि विचारील, म्हणजे बाई, हा तुमच्यापैकीच?

तू रूस माझ्यावर. मी सांगणार आहे, हो, आमच्यापैकीच. तसंच लिहा.